अकरा हातांचा कर्णा

धामणदऱ्याच्या नूरमहंमद पिंजाऱ्याने रुसलेल्या बायकोला तीन कोसांवरून हाक मारायची म्हणून अकरा हात लांबीचा कर्णा बांधला. यातले अकरा हात खरे आहेत, तीन कोस खरे आहेत, आणि तो विणणारा मीच, पुंजाराम बुरूड, हेही खरं आहे. बाकी जिथं माझी जीभ घसरेल तिथं तुम्ही हसून पुढं चला.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. पण तिचं मूळ आणखी नऊ वर्षं मागं. नूरमहंमद खांद्यावर कमान टाकून पाथर्डीपासून केडगावपर्यंत गावोगाव हिंडायचा. माणसाहून लांब ती कमान, तिला आतड्याची तात ताणलेली. गल्लीत शिरला की लाकडी ठोकळ्याने तातेवर एक ठोका मारायचा, धुंऽऽग, आणि बायका गाद्या-रजया घेऊन ओट्यावर यायच्या. तोंडाने ओरडावं लागायचं नाही. केडगावात एका घरी त्या आवाजाने विरजण लावलेलं दूध तासाभरात घट्ट झालं, असं लोक सांगतात. ते मीच पसरवलेलं आहे.

त्याच्या घरात मात्र बायकोची, सकीनाची, रजई गाठीगाठीची. लग्नात माहेराहून आणलेली. हिवाळा आला की ती म्हणायची, माझी रजई पिंजा. तो म्हणायचा, उद्या. हिवाळ्यात पिंजाऱ्याला उद्या नसतो. सगळ्या मुलखाची थंडी त्याच्याच अंगावर येऊन पडते. असे सात हिवाळे गेले. आठव्याला तिनं रजई उसवली, कापूस काढून पोत्यात भरला, पोतं त्याच्यापुढं ठेवलं आणि रिकामी खोळ घडी करून काखेत मारली.

"गावाच्या गाद्या मऊ केल्या," ती म्हणाली. "मी आठ वरसं दगडावर निजले. हा माझा कापूस. ज्या दिवशी हा पिंजाल त्या दिवशी मला सोनखांबला, माझ्या उंबऱ्यात ऐकू यील. मग मी यीन."

दारात चार माणसं उभी होती, त्यात मीही होतो. माणसं बघत असली की पुरुषाचं डोकं कमी चालतं. नूरमहंमद म्हणाला, "मग ऱ्हा तितंच. तुझ्या सोनखांबच्या मातीला मी पाय लावनार न्हाई. खुदाची कसम."

ती गेली. लेकरूबाळ नव्हतं, त्यामुळं मागं रडणारंही कुणी नव्हतं. सोनखांब धामणदऱ्याच्या उगवतीला, तीन कोसांवर. तिचा भाऊ तिथं शेती करायचा. त्यानं बहिणीला ठेवून घेतलं आणि काही विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्यानं दुसऱ्याच दिवशी कापूस का पिंजला नाही? पिंजला असता, पण तिला ऐकू न जाता पिंजला, तर तिचा शब्द वाया गेला. कापूस एकदाच गाठीचा असतो. म्हणून तो नऊ वर्षं त्या पोत्याला उशी करून निजला, आणि पोत्याचं तोंड सोडलं नाही.

मी सुपं-टोपल्या विकायला महिन्या-दोन महिन्यांनी सोनखांबला जायचो. सकीनावैनी सूप हातात घ्यायची, वीण निरखायची, आणि माझ्याकडं न बघता विचारायची, "तुमच्या दोस्ताचा खोकला कसा हाय?"

"हाय तसाच."

"कापसाचा धुरळा नाकात जातो. फडकं बांधा म्हनलं तर बांधत न्हाईत." मग सूप खाली ठेवायची. "मी इचारलं म्हनून सांगायचं न्हाई, पुंजाभाऊ. तुमच्या लेकाची आन हाय तुमाला."

परत आलो की नूरमहंमद वेशीवर बसलेलाच असायचा.

"सोनखांबला गेल्तास?"

"गेल्तो."

"काय म्हनत्यात लोक?"

"बरे हायेत."

"आनि?"

"आनि बैलंबी बरे हायेत."

तो मान हलवायचा, घरी जायचा, आणि दिवेलागणीला अंगणात कमान घेऊन सोनखांबकडं तोंड करून एकच ठोका मारायचा. धुंऽऽग. तो आवाज माझ्या वाड्याच्या कुडापर्यंत यायचा आणि मरायचा. मी जन्मभर फुकट खोटं बोललो. पण नऊ वर्षं एक खरं गिळून बसलो होतो, आणि खरं पोटात राहिलं की फार टोचतं.

अशात त्या हिवाळ्यात त्याचा भाचा दाऊद नगराहून गाडी घेऊन आला. दाऊद तीसेक वर्षांचा गडी. लग्नकार्याला, उरसाला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा. गाडीत पोत्याखाली झाकलेलं काहीतरी होतं. पोतं काढलं तर परातीएवढा कागदी पडदा, आणि त्याच्या पाठीला कलिंगडाएवढा लोखंडी गोळा.

"छावणीतल्या मोडीत मिळाला," दाऊद म्हणाला. "सोजीर लोकांच्या शिनेमाचा लाउडस्पीकर हाय. ढोलक वाजली की ह्यो पडदा पोटासारखा हलतो."

धामणदरा आणि सोनखांबच्या मधल्या टेकडीवर पीरसाहेबाचा उरूस भरतो. हिंदू-मुसलमान सगळे येतात, आणि बाबाजान कव्वालाची पार्टी बसते. दाऊद तिथं दोन वर्षं टिनाचे भोंगे लावत होता, आणि बाबाजान दोन वर्षं त्याला एकच ऐकवत होता, "दाऊदमियाँ, म्होरली वीस मानसं माझी ढोलक ऐकत्यात. मागली हजार मानसं घासलेटचा डबा ऐकत्यात." भोंग्यातून ढोलकीची बारीक बाजू तेवढी टकटक करत बाहेर यायची; डाव्या हाताची धूम भोंग्याच्या नरड्यातच अडकायची.

"खोल आवाजाला रुंद तोंड लागतं," दाऊदनं सांगितलं. "छावणीतल्या एका मिस्त्रीनं माप दिलंया. पडद्याम्होरं बारीक सुरू करायचं, दर दोन हातांना घेर दीडपट, अकरा हात लांब, शेवटाला तोंड पाच हात. टिनाचा केला तर टिनच वाजंल. सुताराला इचारलं, तो म्हनला असली वस्तू माझ्या बापानं केली न्हाई, आनि आज्यानं केली असंल तर त्यानं सांगितलं न्हाई."

त्यानं धुळीत काडीनं आकृती काढली. मी बघितली आणि म्हणालो, "ही तर आडवी पडलेली कणगी हाय."

कणगी म्हणजे धान्य साठवायला बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली उभी कोठी. तीस वर्षांत मी किती विणल्या ते देवाला ठाऊक. असली लांबुडकी, एका बाजूला फाकत गेलेली मात्र कधी विणली नव्हती.

नूरमहंमद पुढं सरकला. तो उकिडवा बसला, त्या पडद्यावर बोटानं हलकी टिचकी मारली आणि विचारलं, "दाऊद, ह्याचा आवाज किती लांब जाईल?"

"बारीक आवाज वाऱ्यात इरतो, मामू. खोल आवाज टेकड्या चढतो आनि उतरतो."

"दीड कोस? टेकडीवरनं सोनखांब दीड कोस हाय."

दाऊद हसायला लागला. मग मामूचा चेहरा बघून थांबला. "वारा पाठीशी असला तर जाईल," तो म्हणाला.

सौदा तिथंच ठरला. कणगी मी विणायची, लिंपण नूरमहंमदनं करायचं, आणि उरसाच्या दिवशी कव्वाली बसण्याआधी माईकपुढं बसून त्यानं सकीनाचा कापूस पिंजायचा.

त्याच्याच परसात काम मांडलं. मी कामट्या काढल्या, कड्या वळल्या, दोरीनं घेर मोजून कडी कडीला बांधली आणि विणत गेलो. माती परसातलीच घेतली. शेण कालवलं, आणि चिरा पडू नयेत म्हणून नूरमहंमदनं त्यात वाया गेलेला कापूस कुटून घातला. बाहेरून लिंपण मी करायचो. आतून तो, रांगत जाऊन, नदीतल्या गोट्यानं माती घोटायचा. मिस्त्रीनं सांगितलं होतं, आत खरखर राहिली तर आवाज अडखळतो. नूरमहंमदनं ती इतकी गुळगुळीत केली की एक सरडा तोंडातून आत शिरला तो घसरत घसरत थेट दुसऱ्या टोकानं बाहेर पडला आणि घाबरून उभ्या उभ्या हिरवा झाला.

एके दुपारी तो बारीक टोकाकडं घोटत होता. शेणाच्या पाट्या घेऊन शेजारची झुंबरबाई आणि आणखी तिघी आल्या होत्या, कर्ण्याच्या तोंडापाशी पाट्या उतरवत होत्या. आतून आवाज आला, "सकीना."

त्याला वाटलं होतं आपण एकटे आहोत. तो पुटपुटला असेल, घोटता घोटता, स्वतःशीच. पण कर्ण्यानं ते पुटपुटणं धरलं, मोठं केलं आणि परसात आणून उभं केलं. झुंबरबाईची जीभ एरवी गावाला पुरून उरायची. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, पाटी हळूच खाली ठेवली आणि बाकीच्या तिघींना खुणेनं घेऊन निघून गेली. मी विणत राहिलो. नूरमहंमद बाहेर आला तेव्हा त्याच्या भुवयांना माती लागलेली होती. त्यानं विचारलं, "कुनी आलतं का?"

"न्हाई," मी म्हणालो. हे खोटं चांगल्यापैकी होतं.

माती वाळली. दाऊदनं बारीक टोकाला पडदा बसवला, बॅटरी जोडली, माईकवर थाप मारली. कर्ण्यातून आवाज आला, फुर्रर्र. म्हातारं घोडं नाक शिंकरतं तसा.

तीन दिवस आम्ही दोष शोधला. दाऊद तारा उघडायचा, मी त्याच्या मोडीतल्या मशीनला नावं ठेवायचो, तो माझ्या विणीला नावं ठेवायचा. चौथ्या दिवशी नूरमहंमद कर्ण्याच्या नरड्यापाशी आडवा होऊन कान लावून पडला होता. दाऊदनं थाप मारली आणि मामूच्या दाढीत अडकलेला कापसाचा एक तंतू फुर्रकन हवेत उडाला. नूरमहंमदनं खाली हात घातला. नरड्याच्या पोटाला मुठीएवढं भोक होतं, छान गोल, कडेनं सुबक लिंपलेलं.

"पुंजा," तो म्हणाला, "हे भोक कशाला?"

"कशाला म्हंजे? दाने कुठनं काढायचे?"

दाऊदनं हातातली तार खाली ठेवली.

"दाने," दाऊद म्हणाला.

काय सांगू? कणगीला खाली भोक ठेवायचं, त्याला चिंधीचा बोळा लावायचा, दाणे हवे तेव्हा बोळा काढायचा. तीस वर्षं हात तेच करत आले. डोकं कर्णा विणत होतं, हात कणगी विणत होते, आणि दोघांनी एकमेकांना काही विचारलं नव्हतं.

भोकाला बोळा हवा होता. घरात लोकांच्या कापसाच्या गासड्या पडल्या होत्या, पण नूरमहंमदनं त्यांना हात लावला नाही. "तो लोकांचा," म्हणाला. नऊ वर्षांनी त्यानं सकीनाच्या पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर कापूस काढला आणि भोकात ठासला. वरून मातीचा हात फिरवला. मग दाऊदनं माईकवर थाप मारली, आणि परसातल्या शेवग्याच्या सगळ्या शेंगा एका वेळी हलल्या.

उरसाला कर्णा दोन गाड्या एकीला एक बांधून टेकडीवर चढवला. मैदानाच्या मावळतीला तो ठेवला, तोंड उगवतीकडं. मधे माणसं बसणार, आणि माणसांच्या पलीकडं, खाली, सोनखांब. वारा मावळतीचा होता, अगदी सांगून बोलावल्यासारखा.

आता पिंजाऱ्याच्या कामातली एक गोष्ट ध्यानात ठेवा. कापूस गाठीचा असला की तातेचा आवाज बसका येतो, धब्. तो सुटत गेला की आवाज मोकळा होत जातो. पूर्ण सुटला की तात गायला लागते. पिंजाऱ्याच्या घरातल्या माणसाला भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावर कळतं, काम कुठवर आलंय.

दुपार कलली तेव्हा नूरमहंमद माईकपुढं बसला. अंगावर धुतलेला सदरा, डोळ्यांत सुरमा. लोक हसले, कव्वालीला आलो आणि पिंजारी बघतोय, असं कुणीतरी म्हणालं. त्यानं पहिला ठोका मारला.

दर्ग्याच्या घुमटावरची कबुतरं उठली आणि परत बसायला विसरली. पाणपोईच्या रांजणात वलयं उमटली. धामणदऱ्याच्या आसाराम पाटलाची महिनाभर हलणारी दाढ आपसूक पडली. हसणारे गप्प झाले, कारण आवाज कानातून आला नव्हता, जमिनीतून मांडीत आणि मांडीतून छातीत आला होता. धब्. धब्. नऊ आणि आठ, सतरा वर्षांच्या गाठी होत्या. तो एकेक गाठ तातेखाली घ्यायचा, आणि ठोका कर्ण्यातून निघून माणसांच्या डोक्यांवरून टेकडी उतरून जायचा. मी त्याच्या पलीकडं, सोनखांबच्या वाटेकडं बघत होतो. तोही हात न थांबवता तिकडंच बघत होता.

ऊन उतरायला लागलं. निम्मा कापूस सुटला होता; आवाजातला बसकेपणा कमी होत होता. इतक्यात दाऊद वाकून त्याच्या कानाशी आला.

"मामू, बॅटरी उतरतीया. कव्वालीला उरली पायजे."

"निम्मा झालाय."

"बाबाजान उठून चाललाय, मामू. लोक कव्वालीला आलेत. सकीना मुमानीला ऐकू गेलं असंल की."

नूरमहंमदनं माझ्याकडं बघितलं. नऊ वर्षं तो वेशीवर बसून माझ्याकडं असाच बघत आला होता.

"गेलं असंल," मी ठाऊक नसताना म्हणालो.

जन्मभरात मी सांगितलेल्या खोट्यांपैकी सगळ्यात महाग खोटं हे असं दोनच शब्दांचं होतं. त्यानं ठोकळा खाली ठेवला.

मग कव्वाली बसली. खरं सांगतो, तशी कव्वाली त्या टेकडीनं पुन्हा ऐकली नाही. बाबाजानच्या ढोलकीवाल्यानं डावा हात ठेवला, आणि मैदानाच्या पार कडेला ऊस सोलत बसलेल्या म्हातारीनं छातीवर हात ठेवला. हजार माणसांना पहिल्यांदा कळलं की ढोलकीला डावी बाजूही असते. बाबाजाननं गाता गाता दाऊदकडं बघून मान तुकवली. दाऊदच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि कर्ण्याच्या मागं, जिथं काही ऐकू येत नव्हतं, नुसता थरथराट होता, तिथं नूरमहंमद अर्धा सुटलेला कापूस मांडीवर घेऊन बसला होता. दिवे लागले तरी वाटेवर कुणी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चार सुपं घेऊन सोनखांब गाठलं. सकीनावैनी उंबऱ्यात बसली होती. तिनं सूप हातातही घेतलं नाही.

"आवाज आलता," ती म्हणाली.

मी सुपं तिच्यापुढं ठेवली.

"दुपारी चौकटीला पाठ लावून बसले हुते, तर चौकट हलली. म्हनलं हा त्यांचा हात. मग म्हनलं हा माझा कापूस. माझ्या कापसाचा आवाज मला कळंल न्हाई व्हय? एकेक गाठ मोजली मी, पुंजाभाऊ. पदर खोचला, पायात चपला घातल्या. गाठी संपल्या की निघायचं म्हनून हितं उभी ऱ्हायले. अर्ध्यावर आला, मोकळा व्हायला लागला." तिनं चौकटीवर हात ठेवला. "आनि बंद. आनि त्याच्यावर दुसऱ्याची ढोलक सुरू."

"वैनी, बॅटरी..."

"आठ वरसं हेच झालं. माझं अर्ध्यावर ठेवायचं आनि लोकांचं हातात घ्यायचं. एवढ्या लांबनं त्यांनी मला तेवढंच सांगितलं." मग सवयीनं तिचं बोट सुपाच्या कडेवर फिरलं, आणि सवयीनंच तिनं विचारलं, "खोकला कसा हाय?"

तीन कोस मी चाललो नाही, पळालो. नूरमहंमद वेशीवरच होता. मी माझ्या लेकाची आण मोडली. खोकल्याचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं, नऊ वर्षांतलं एकेक सांगितलं, आणि चपला घालून उंबऱ्यात उभी राहिल्याचंही सांगितलं. (लेक ठणठणीत आहे, त्याला स्वतःची नातवंडं झाली, तेव्हा काळजी नको.)

"दरवेळी इचारती?"

"दरवेळी."

"आनि तू मला बैलांचं सांगायचास."

"मार पायजे तर."

त्यानं मारलं नाही. "उरलेला कापूस आता तिला कसा ऐकवू? मशीन दाऊदनं नेलं, आनि कसम तर खुदाची हाय. तिच्या मातीला पाय लावता येत न्हाई."

अशा वेळी माझ्यासारखा माणूस उपयोगी पडतो. मी म्हणालो, "कसम नीट सांग. काय लावनार न्हाईस?"

"पाय."

"कशाला?"

"सोनखांबच्या मातीला."

"आनि कर्ण्याची माती कुठली हाय?"

त्यानं वेशीवरून आपल्या परसाकडं बघितलं. टेकडीवरून परत आणलेला कर्णा तिथं आडवा पडला होता, पडदा काढून घेतलेला, दोन्ही टोकांनी उघडा. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा तो मला शिवी देऊन हसला.

कर्णा पुन्हा दोन गाड्यांवर चढवला, तोंड मागं करून. बारीक टोकाला मी फळकुट ठोकलं. नूरमहंमद कमान तिरपी धरून तोंडातून आत शिरला, कापसाचं पोतं मांडीशी घेऊन बसला, आणि मी बैल हाकले. शिवेच्या दगडापाशी त्यानं पाय आत ओढून घेतले, खाली पाणी असल्यासारखे. सोनखांबच्या गल्लीत गाड्या वळवताना मी दोन ओटे आणि एक न्हाणी खरवडली. ती माणसं अजून माझं नाव काढतात. कर्ण्याचं तोंड सकीनाच्या उंबऱ्यासमोर आणून थांबवलं. दार लावलेलं होतं.

नूरमहंमदनं कमान सावरली. टेकडीवर जिथं हात थांबला होता तिथूनच त्यानं पुढं सुरू केलं.

वीज नाही, बॅटरी नाही, नुसती धामणदऱ्याची माती आणि माझी वीण. धब् आणि धुंग यांच्या मधला तो आवाज त्या तोंडातून निघाला आणि दाराच्या कडीला लागला. कडी वाजायला लागली. लोक जमले. तिचा भाऊ शेतातून आला, खांद्यावरचं औत उतरवून भिंतीला टेकला आणि तिथंच उभा राहिला. कर्ण्याच्या तोंडातून कापसाचा धुरळा निघत होता आणि मधूनच खोकला, तोही कर्ण्यानं मोठा केलेला. पहिल्या खोकल्याला दाराची फळी चार बोटं उघडली.

आवाज मोकळा होत गेला. धुंग. धुंऽग. शेवटी तात गायला लागली. अशी की बैलांनी माना खाली घातल्या. नूरमहंमदनं हात थांबवला आणि दाराकडं बघितलं.

आतून आवाज आला, "डाव्या अंगाला अजून एक गाठ हाय."

त्यानं चाचपलं. होती. सुपारीएवढी. ती तातेखाली घेतली, चार ठोक्यांत सुटली, आणि दार उघडलं.

सकीनावैनीच्या हातात खोळ होती. नऊ वर्षांपूर्वी नेलेली तीच, पण विरलेल्या जागी नवं कापड लावून, चारी कडा दुहेरी शिवून, कडुनिंबाच्या पाल्यात घडी करून ठेवलेली. पाला अजून तिला चिकटलेला होता, काही वाळका आणि काही परवाचा ओला. दरवर्षी ती पाला बदलत आली होती.

ती कर्ण्यात चढली. पहिलं काम तिनं काय केलं, तर कमरेला खोचलेलं एक फडकं काढून त्याच्या नाकातोंडावर गच्च बांधलं. मग मांडी घालून खोळीत कापूस भरायला बसली. भरता भरता दोन्ही हातांनी रजई तोलली आणि म्हणाली, "मूठभर कमी हाय."

फडक्याआडून तो काय बोलला ते मला कळलं नाही. त्यानं कर्ण्याच्या नरड्यात हात घातला, माती उकरली आणि बोळा ओढून काढला. तिनं तो झटकला, उजेडात धरून बघितला आणि त्याच्यापुढं ठेवला. "हाबी पिंजा. अर्ध्यावर ठिवू नका."

भावानं तिचं गाठोडं आणून दिलं. तिनं त्याच्या हाताला हात लावला, आणि मी गाड्या हाकल्या.

पुढच्या उरसाला दाऊद कर्णा मागायला आला तेव्हा तो त्या दोघांच्या घरात उभा होता, तोंड वर करून, अर्धा बाजरीनं भरलेला, खाली बोळा लावलेला. दाऊद मला खूप बोलला. मी म्हणालो, भोक मी उगीच नव्हतं ठेवलं. हेही खोटंच.

पण त्या दिवशी परतीच्या वाटेला ते भोक उघडं होतं, आणि मावळतीचा वारा त्यातून शीळ घालत होता, सबंध तीन कोस. मी मागं वळून बघितलं नाही. एकदाच बघितलं, शिवेच्या दगडापाशी, फळकुटाच्या फटीतून. रजई दोघांच्या मधे होती. कर्ण्याच्या गोल तोंडातून सोनखांब लहान लहान होत चाललं होतं. ती तिकडं बघत होती, आणि तो तिच्याकडं.